लक्ष्मीबाईंचे पाणी आणि आमचा माठ

गेली सात वर्षे मी बी. ए.च्या वर्गाला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकविते आहे. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. घरगुती भाषा, निर्मळ विनोद, विक्षिप्त कवीचा संसार रेटणाऱ्या पत्नीचा सोशिकपणा, प्रांजळ कथन. आमच्या प्राध्यापकांनी हे गुण आम्हांला सांगितले, आणि मीही तेच विद्यार्थ्यांना सांगत आले. परीक्षेला तेवढे पुरते. परंतु मी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) महारवाड्यातून ख्रिस्ती झालेल्या घरात जन्मले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तेव्हा या ग्रंथात माझी माणसे कोठे आहेत, हा प्रश्न मला केव्हातरी पडणारच होता. तो पुस्तक वाचून पडायला हवा होता. प्रत्यक्षात तो घरातल्या एका लग्नामुळे पडला. त्याविषयी शेवटी सांगेन. आधी पुस्तक.

पुस्तकाची सुरुवातच सोवळ्याने होते. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय वापरायची नाही, असा त्यांचा खाक्या. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, वाचकही हसतो, वर्गातही हशा पिकतो. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. तास संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं धुणं कुणाच्या विटाळापायी होतं?" मला उत्तर माहीत होते. त्यालाही होते. आमच्या समीक्षेने मात्र तो प्रश्न कधी विचारलेला नाही. वेड म्हणून ती पुढे गेली. धुणारा तिला दिसला. ज्याच्या स्पर्शासाठी धुवायचे, तो दिसला नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. काही काळ पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ परतल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग एकदा त्या या जातींचा विचार करू लागतात. जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने, असे मनाला पटते, आणि त्या ठरवतात की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. टिळक ग्रंथ वाचून, वाद घालून, चिंतन करून ख्रिस्ती झाले. त्यांच्या विश्वासाला एक तारीख आहे. लक्ष्मीबाईंच्या विश्वासाला तांब्या आहे, चूल आहे, रात्रभरची तळमळ आहे. पुढाऱ्याने एका दिवसात जाहीर केलेली गोष्ट घराच्या उंबऱ्याआत यायला पाच वर्षे लागली, आणि ती आणली स्वयंपाकघरातल्या बाईने. धर्मांतर म्हणजे काय, हे सांगणारे इतके खरे लेखन मराठीत फार नाही. म्हणून या पुस्तकाला मी मोठे मानते. त्यातल्या विनोदाचा क्रम माझ्या लेखी दुसरा.

पण एवढ्यावर थांबणे मला परवडणारे नाही. लक्ष्मीबाईंनी पाणी घेतले, तेव्हा ते देणारा हात कोणाचा होता? नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महारवाड्यांतून, काही मांगवाड्यांतून. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आले. १८७६-७८ च्या आणि मग १८९९-१९०० च्या दुष्काळांत कितीतरी माणसे आणि पोरकी पोरे मिशनच्या आसऱ्याला आली. माझ्या आजीची आई त्यांतलीच एक. या लोकांची मोठी नावे मराठी ख्रिस्ती वाङ्मयात शोधायला गेले तर सापडतात बाबा पदमनजी, टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई. सगळे सवर्ण घरांतून आलेले. देवळात बसणारे आम्ही आणि पुस्तकात बोलणारे ते, अशी ही वाटणी झाली.

याचे एक कारण आमच्या समीक्षेच्या मनात आहे. सवर्ण माणसाचे धर्मांतर हा त्याग ठरतो. घर सुटते, मान सुटतो, नातेवाईक सुतक पाळतात. त्यात नाट्य आहे, म्हणून त्यात वाङ्मय आहे. महाराने येशूचे नाव घेतले तर तो पोटासाठी बाटला. त्याच्यापाशी टाकायला होते काय? गावकीची बिनमोल कामे, मेल्या गुरांचे ओझे, शिळ्या भाकरीचे तुकडे. हे टाकणे त्याग या शब्दात बसत नाही, म्हणून त्याची नोंद झाली नाही.

पोटासाठी बाटले हा टोमणा मी लहानपणापासून ऐकत आले. बराच काळ मला त्याची लाज वाटत असे. आता वाटत नाही. प्रभूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत पापांची क्षमा नंतर मागितलेली आहे, रोजची भाकर आधी. दुष्काळात लेकराला भाकर मिळाली आणि ती देताना कोणी लांबून टाकली नाही, हातावर ठेवली, एवढ्यावरून जर माझ्या पणजीने देव ओळखला असेल, तर तिचा विश्वास टिळकांच्या चिंतनापेक्षा हलका कसा? ज्याला दोन्ही वेळचे मिळते, त्यालाच विश्वास आणि पोट या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

नेतृत्वाच्या प्रश्नालाही येथूनच हात घातला पाहिजे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी टिळकांची भूमिका होती. परदेशी साहेबांच्या सत्तेला ते कंटाळले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून, संन्यासी वृत्ती धरून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. या बंडाचे मोल मी कमी करीत नाही. साहेबाच्या पगारावरची ख्रिस्ती सेवा या मातीत रुजणार नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पण त्यांनी या मातीचे म्हणून जे निवडले, ते संन्याशाचे भगवे होते. संन्यास कोणी घ्यावा? ज्याला संसाराचा अधिकार आहे त्याने. आणि तो पूल? लक्ष्मीबाई पंढरपुरात होत्या त्या दिवसांत आमची माणसे विठ्ठलाच्या दारात नामदेव पायरीपाशी, चोखोबाच्या समाधीपर्यंतच जाऊ शकत. मंदिराचे दार आमच्यासाठी उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ज्या पुलावर आम्हांला पाय ठेवता येत नव्हता, त्यावरून आमचे पुढारी पलीकडे गेले आणि मागे वळून म्हणाले, या.

जालन्यात जन्मलेले अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातल्या व्याख्यानात हाच मुद्दा धर्मशास्त्राच्या अंगाने मांडला. भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेशी बोलत राहिला आणि मंडळीत बसलेल्या दलितांच्या दुःखाकडे त्याचे लक्षच गेले नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यातून पुढे दलित धर्मशास्त्र उभे राहिले. निर्मळांचे म्हणणे मला मान्य आहे. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते, पण टिळकांची भजने तिला मुखोद्गत होती. खुरपताना, दळताना ती गात असे. टिळकांनी तिला देवाशी बोलायला मराठी दिली. स्वतःविषयी बोलायला मात्र कोणी दिली नाही.

बाबासाहेबांनी आमचे हे मुकेपण फार आधी हेरले होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी ओढ व्यक्त केली. आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध राजकीय लढा देत नाही, ही त्याची मोठी चूक आहे, असेही बजावले. आम्ही ते ऐकून घेतले आणि पुन्हा प्रार्थनेला बसलो.

त्या गप्प बसण्याची किंमत कायद्याने वसूल केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसणाऱ्या एका चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरकारने चर्मकारांना टपऱ्या फुकट वाटल्या. हा ख्रिस्ती, म्हणून याला नाही. १९८५ च्या निकालात न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्म बदलल्यावरही जातीची झळ तेवढीच तीव्र राहते, हे दाखविणारी पुरेशी सामग्री समोर नाही, असे कारण दिले. २०२२ च्या ऑक्टोबरात याच प्रश्नासाठी केंद्राने आणखी एक आयोग नेमला.

पुरेशी सामग्री नाही! साहित्याच्या प्राध्यापिकेने या शब्दांपाशी थांबावे. १९७८ साली 'बलुतं' आले आणि दलित आत्मकथनांची रीघ लागली. त्यांनी गावकुसाबाहेरचे जगणे असे मांडले की कोणाला नाकारता येईना. ख्रिस्ती महारवाड्यातून त्या मानाने किती थोडे आले! आणि ते का आले नाही, हेही मला ठाऊक आहे. आमच्यात कित्येकांना दोन नावे असतात, एक देवळातले आणि एक दाखल्यावरचे. ज्याने आत्मकथन लिहावे, त्याचा दाखला जावा. मग लिहिणार कोण? माझ्या दाखल्यावर काय आहे, हे मी येथे लिहीत नाही. का लिहीत नाही, ते वाचकाला कळेल.

परंतु सगळा दोष कायद्यावर आणि ब्राह्मणी समीक्षेवर टाकून मला सुटता येत नाही. आता त्या लग्नाविषयी.

माझ्या धाकट्या भावाने मांगवाड्यातल्या ख्रिस्ती घरातली मुलगी पसंत केली. एकच देऊळ, एकच पाळक, एकच प्रभुभोजन. माझे वडील मंडळीचे पंच. तरुणपणी गावच्या विहिरीवर आमच्यातली पहिली घागर भरायला गेलेला हा माणूस. डोके फुटले तरी घागर खाली ठेवली नाही. ते म्हणाले, "देवापुढं आपण सारे एकच. पण सोयरीक म्हणजे देऊळ नव्हं." पंचांची बैठक आमच्या ओसरीवर भरली. शिकलेली म्हणून मला शेजारी बसविले. त्याच आठवड्यात मी लक्ष्मीबाईंच्या जातित्यागावर तास घेण्यासाठी टिपणे काढीत होते. वही माझ्या पिशवीत होती. बैठकीत मी एक शब्द बोलले नाही. वडिलांचा मान राखला, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे भ्याले.

दुसऱ्या दिवशी आई कोणाला न विचारता मुलीच्या घरी गेली, चहा पिऊन आली. आल्यावर एवढेच म्हणाली, "त्यांचाबी माठ आपल्यावाणीच हाय." मग आजी बोलली. तिच्या लहानपणी देवळाच्या ओट्यावर दोन माठ असत, एक आपला आणि एक त्यांचा. साहेब आला की एक आत नेऊन ठेवीत. "पानी येकाच हिरीचं, पोरी. माठच दोन व्हते." हे तिने पूर्वी कधी सांगितले नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते.

लग्न तालुक्याला नोंदणी करून झाले. वडील आले नाहीत. आज ते सुनेच्या घरी चहा घेतात, जेवत नाहीत. मी वाट पाहते आहे. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली होती.

म्हणून मी 'स्मृतिचित्रे' आता वेगळ्या तऱ्हेने शिकविते. सोवळ्याच्या प्रकरणावर मुले हसली की त्या मुलाचा प्रश्न मी स्वतः विचारते. पाण्याच्या प्रसंगाशी आले की सांगते, एका बाईने आपल्या मनातले सोवळे लपविले नाही, म्हणून तिला ते टाकता आले. आम्ही आमचा दुसरा माठ लपविला. न्यायालयापासून लपविला, साहेबापासून लपविला, बाबासाहेबांच्या चळवळीतल्या भावांपासूनही लपविला. तो आपल्यातही आहे म्हटले तर आपल्या गाऱ्हाण्यातले बळ जाईल, अशी भीती. उलट आहे. जातीची झळ धर्म बदलूनही राहते, याचा तो माठ हाच पुरावा आहे.

आजी या पावसाळ्यात गेली. मागच्या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून मी जेवढे उतरवून घेतले, त्याची अडीच वह्या भरली. त्यांत दोन माठांची हकिकत पहिल्या पानावर आहे. ज्यांच्या घरात अशा म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांनी वही घेऊन बसावे. दाखल्याची भीती वाटत असेल तर नाव घालू नये. पण लिहून ठेवावे.