जुन्या घराची नवी फरशी

नांदेड-लातूरच्या माणसानं समुद्राकाठच्या बंगल्यावर बोलावं, हे जरा विचित्रच. 2016 साली लातूरला पाणीसुद्धा रेल्वेनं आणावं लागलं होतं! पण प्रश्न समुद्राचा नाही. जुनी वास्तू दुरुस्त करताना नेमकं काय वाचवायचं, हा आहे.

गोव्यात, कोकणात जुन्या घरांची अतिथिगृहं होताहेत. त्याला माझा विरोध नाही. रिकाम्या घराला वाळवी लागते; पाहुण्यांच्या भाड्यातून छप्पर तरी शाबूत राहतं. माझा आक्षेप आहे तो सजावटीच्या फरशीला इतिहास समजण्यावर.

निळी-पांढरी आझुलेजो घ्या. मातीची फरशी, तिच्यावर झिलई, हातानं काढलेलं चित्र, मग भट्टी. पणजीच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग अशा फरश्यांवर आहेत. काम देखणं आहे, पण ते विसाव्या शतकातलं. बघणारा मात्र थेट वास्को द गामाच्या काळात जातो!

आता पायाखालची नक्षीदार सिमेंटची फरशी बघा. ही भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओततात, यंत्रानं दाबतात, पाण्यात मुरवतात. रंगाचा चांगला जाड थर असतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुंबईत 1922 साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी असा कारखाना काढला, तो स्वदेशीच्या प्रेरणेनं, परदेशी फरशीला पर्याय म्हणून. म्हणजे पाहुणा जिला ‘पोर्तुगीज’ म्हणून दाद देतो, ती फरशी कदाचित स्वदेशी चळवळीची निघेल.

शिवाय घराची प्रकृतीही बघावी लागते. जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असतो, त्यातून ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंट थापून झिलईची फरशी डकवली की ओल आत कोंडते, खाऱ्या हवेतलं मीठ आत साठतं आणि भिंत पोखरते. शोभेसाठी लावलेली वस्तूच घराच्या मुळावर येते.

1964 च्या व्हेनिस सनदेत दोन साध्या गोष्टी आहेत. जिथं अंदाज सुरू होतो, तिथं जीर्णोद्धार थांबावा. आणि नवा भाग जुन्याशी जुळावा, पण नवा म्हणून ओळखू यावा. नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? तसंच मी विचारतो, फरशी म्हणजे घर का? भाग बदलतात, बदलू द्या. पण काय बदललं, ते लपवू नका.

तेरेखोलचा किल्ला आठवा. तो सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधला, 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला, 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला. पुढं तिथं हॉटेल झालं. अशा वास्तूत नुसत्या निळ्या फरशीनं ‘जुना काळ’ उभा केला, तर सावंतही पुसले जातात आणि सत्याग्रहीही. उरते फक्त सुट्टी. 17 सप्टेंबरला मुक्तिदिन पाळणाऱ्या मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून अतिथिगृह जरूर करा, फरशीही लावा. दाराशी एक पाटी मात्र असू द्या: मूळ काय, नवं काय, आणि इथं कोण कोण राहून गेलं. पाहुण्याला सुंदर खोली देणं हा व्यवसाय झाला. त्याला खरं सांगणं हा आतिथ्याचा भाग आहे.