ऊर्जाभाकितांचे व्याकरण

जगाच्या ऊर्जेची पुढील वाटचाल कशी होणार, या विषयावरील लेखनात पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या ‘वर्ल्ड एनर्जी आउटलुक’ या वार्षिक अहवालास मोठे स्थान आहे. त्यातील आकड्यांची परीक्षा अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ केली आहे. प्रस्तुत टिपणात त्याच्या क्रियापदांची परीक्षा करावयाची आहे.

2023 च्या अहवालात भविष्याची तीन चित्रे होती. पहिले, अंमलात असलेल्या व आखल्या जात असलेल्या धोरणांवर आधारलेले. त्यात कोळसा, तेल व वायू या तिन्हींची मागणी 2030 पूर्वी शिखर गाठते. तरीही शतकाअखेर तापमानवाढ सुमारे 2.4 अंशांवर जाते, कारण मागणीची वाढ थांबली तरी वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचा साठा वाढतच राहतो. दुसरे, राष्ट्रांनी दिलेली वचने पूर्णतः व वेळेवर पाळली जातील असे गृहीत धरणारे. तिसरे, 1.5 अंशांची मर्यादा आधी निश्चित करून तेथून मागे हिशेब करीत आलेले.

व्याकरणदृष्ट्या ही तीन चित्रे एका जातीची नव्हेत. पहिली दोन संकेतार्थी आहेत: ‘धोरणे अशी राहिली, तर मागणी घटेल.’ तिसरे विध्यर्थी आहे: ‘मागणी घटावी.’ मराठीत मात्र एक अडचण उद्भवते. जर-तरच्या वाक्यातील मुख्य क्रियापद आणि साध्या भविष्यकाळाचे क्रियापद यांचे रूप एकच असते. मथळ्यासाठी ‘तर’पर्यंतचा भाग गाळला, की ‘मागणी घटेल’ एवढेच उरते, आणि अट गळाल्याची कोणतीही खूण क्रियापदावर राहत नाही. विध्यर्थही भाषांतरात याच ‘ईल’मध्ये विरून जातो.

याचा परिणाम केवळ शैलीपुरता नाही. 2025 च्या अहवालात, काही वर्षे वगळलेले एक चित्र पुन्हा आले. ते केवळ प्रत्यक्ष लागू असलेल्या धोरणांवर उभे आहे, आणि त्यात तेल व वायू यांची मागणी 2050 पर्यंत वाढत राहते. ज्याने आधीचे वाक्य भाकीत म्हणून वाचले, त्याला संस्थेने शब्द फिरवला असे वाटणार; वस्तुतः बदलली ती अट.

तथापि, ‘आम्ही भाकीत करीत नाही’ हा संस्थेचा खुलासाही पूर्णतः स्वीकारता येत नाही. सौरविजेच्या वाढीचे तिचे पूर्वीचे अंदाज वर्षानुवर्षे प्रत्यक्षाच्या मागे पडले. अट निवडणे हेही एक विधानच होय. कोणती अट प्रथम मांडावी हे ठरविणारा आपल्या निवडीची जबाबदारी ‘तर’ या अव्ययावर टाकू शकत नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वाचकाच्या, म्हणजे आपल्याच, सवयीवर आहे. ‘मागणी घटेल’ या वाक्यात कर्त्याच्या जागी मागणीच बसली आहे. ती आपोआप घटणार, कोणी काही करावयाचे नाही. ‘घटणे’ हे अकर्मक आहे. ‘घटविणे’ म्हटले की कर्ता शोधावा लागतो. हवामानाच्या प्रश्नात वादाचे मूळ नेमके तेथेच आहे: कोणी, किती आणि केव्हा घटवावयाचे? हे अहवाल शिकविताना विद्यार्थ्यांकडून प्रत्येक ‘ईल’मागील अट व प्रत्येक ‘घटेल’मागील कर्ता लिहवून घ्यावा, एवढीच सूचना करून हे टिपण संपवितो.