शोक सांगायचा कुणाला?

मंडळी, कथेत शोक दाखवायचा म्हटलं की आपण अश्रूंची वाट बघतो. चेखव्हची १८८६ सालची एक कथा घ्या. इयोना हा पीटर्सबर्गमधला म्हातारा घोडागाडीवाला. त्याचा मुलगा तीन दिवस इस्पितळात पडून त्याच आठवड्यात गेलेला. हे तो उतारूंना सांगू पाहतो. एक अधिकारी कशानं गेला म्हणून विचारतोही, पण शेवटपर्यंत कुणी ऐकत नाही. एक टवाळ तरुण तर मरण कुणाला चुकलंय, असं म्हणून मोकळा होतो.

आता हे विधान काही खोटं नाही. आपण तत्त्वज्ञानवालेही ते करतोच. पण इथं ते समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरलंय. इयोनाला सांगायचंय ते वेगळंच: मुलगा आजारी कसा पडला, मरताना काय बोलला, त्याचे कपडे आणायला इस्पितळात कसं जावं लागलं. आणि हे सगळं सावकाश, क्रमानं.

शेवटी तो आपल्या घोडीशी बोलतो. तिला मरण अटळ आहे वगैरे सांगत नाही. तुझंच शिंगरू गेलं असतं तर, एवढंच विचारतो. शोकाचं लेखन पारखताना आपण हाच फरक बघायला हवा.