एआय एजंटांसाठीची टूल-वर्णने आणि लक्षणदोष : खाद्यपदार्थांच्या ऑर्डरसंदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या भाषिक प्रारूपांना बाहेरील प्रणालींतील कार्ये निवडून वापरण्याची सोय उपलब्ध करून दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत जाहीर केला. ‘चौघांसाठी रात्रीचे जेवण मागव’ एवढे सांगितल्यावर उपाहारगृह शोधणे, पदार्थ निवडणे व ऑर्डर नोंदवणे ही कामे एजंटाने करावीत, हे अशा सोयींमुळे शक्य झाले आहे. प्रत्येक कामासाठी एजंटाला एक ‘टूल’ दिलेले असते. त्या टूलमागील आज्ञावली त्याला सहसा दिसत नाही. दिसते ते टूलचे नाव, काही वाक्यांचे वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचा तक्ता. कोणते टूल केव्हा वापरावे याचा निर्णय मुख्यतः या मजकुरावर अवलंबून असल्याने, या लहानशा गद्यप्रकाराची भाषिक अंगाने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील वर्णने नमुन्यादाखल रचलेली आहेत.

चिकित्सेची चौकट

वस्तूचे लक्षण कसे सांगावे याचा विचार न्यायशास्त्राने बारकाईने केला आहे. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहावरील आपल्या दीपिकेत अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव हे लक्षणाचे तीन दोष गाईच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहेत. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे म्हटल्यास इतर रंगांच्या गाई सुटतात. शिंगे असलेली म्हटल्यास म्हैसही आत येते. अखंड खुराची म्हटल्यास एकही गाय सापडत नाही. टूलचे वर्णन हेही एक प्रकारचे लक्षणच असल्यामुळे हे तीनही दोष त्यात आढळू शकतात.

तीन दोषांची रूपे

‘खाद्यपदार्थ व उपाहारगृहे शोधते’ हे वर्णन अतिव्याप्तीचे उदाहरण होय. प्रत्यक्षात ते टूल केवळ उपाहारगृहांच्या नावांत शोध घेत असेल, तर ‘मिसळ मागव’ या विनंतीवर नावात ‘मिसळ’ असलेलीच ठिकाणे हाती येतात. उत्तम मिसळ देणारे पण वेगळ्या नावाचे उपाहारगृह यादीबाहेर राहते आणि ‘परिसरात मिसळ उपलब्ध नाही’ असे उत्तर ग्राहकाला मिळू शकते.

याउलट, टूल पदार्थाच्या नावावरूनही शोध घेत असताना वर्णनात केवळ ‘उपाहारगृहाच्या नावाने शोधते’ असे लिहिणे ही अव्याप्ती. असलेली सोय मग वापरलीच जात नाही.

असंभव दोष सर्वांत फसवा आहे. ‘ऑर्डर रद्द करते’ असे वर्णन असलेले टूल केवळ रद्द करण्याची विनंती पाठवत असेल आणि निर्णय उपाहारगृहाचा असेल, तर एजंट ग्राहकाला ‘ऑर्डर रद्द झाली’ असे निःशंकपणे सांगेल. थोड्या वेळाने जेवण दारात येईल.

वर्णनातील मौन

या तीन दोषांखेरीज, जे सांगितलेच नाही त्याचाही विचार आवश्यक ठरतो. ‘शाकाहारी : होय किंवा नाही’ एवढाच रकाना पुरेसा वाटतो. भारतातील खाद्यपदार्थांच्या लेबलविषयक नियमांनुसार अंडे मांसाहारात गणले जाते. जगभरच्या इंग्रजी वापरात मात्र अंडी खाणाऱ्यालाही शाकाहारी म्हटले जाते. केक मागवताना यांतील कोणता अर्थ घ्यावा, हे वर्णनाने सांगितले पाहिजे. कांदाभजी शाकाहारी आहे, पण ती जैन नाही आणि उपवासालाही चालत नाही. उपवास करणाऱ्यासाठी साबुदाणा, वरी वा राजगिऱ्याचे पदार्थ शोधायचे असतील, तर ‘शाकाहारी’ हा रकाना निरुपयोगी आहे, असे स्पष्ट लिहिणे हीच खरी मदत.

एककांबाबतचे मौन थेट खर्चिक ठरते. जिलेबीच्या रकान्यातील ‘२’ म्हणजे दोन नग, दोन प्लेट की दोन किलो? रेझरपेसारख्या देयकप्रणालीत रक्कम पैशांत द्यावी लागते. २५० रुपयांसाठी तेथे २५००० हा आकडा लागतो. ‘रक्कम’ एवढेच लिहिलेल्या रकान्यात रुपये भरावेत की पैसे, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे?

दोन आक्षेप

प्रारूपे अधिकाधिक समंजस होत असल्याने अशा काटेकोरपणाची गरज उरणार नाही, असा एक आक्षेप संभवतो. तथापि समंजसपणा सर्वसाधारण वापराचा अंदाज देतो. विशिष्ट प्रणालीतील ‘१ प्लेट’मध्ये किती पाव येतात, हे अंदाजाने कळत नाही. दुसरा आक्षेप विस्ताराचा. अँथ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये सुचवली आहेत. ही सूचना योग्य असली, तरी वाक्यसंख्या ही गुणवत्तेची कसोटी नव्हे. ‘जलद, सुलभ व विश्वासार्ह सेवा’ अशी चार वाक्ये जाहिरात ठरतात. ‘हे टूल वापरल्यावर पैसे कापले जातात, आधी एकूण रक्कम व पत्ता दाखवून ग्राहकाची संमती घ्यावी’ हे एक वाक्य अधिक मोलाचे आहे.

मात्र वर्णनावर सर्व भार टाकणेही योग्य नाही. उपरोक्त प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूल केवळ वाचन करते की विध्वंसक बदल घडवू शकते, हे दर्शवणाऱ्या खुणा आल्या. पण त्या सूचनावजा आहेत, हमी नव्हेत. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ग्राहकाची सुरक्षितता एका वाक्यावर सोपवता येणार नाही. देयकापूर्वीची संमती आणि घटक-पदार्थांची पडताळणी प्रणालीतच असावी लागते.

समारोप

आज्ञावली लिहिणारा स्वतःला ठाऊक असलेले गृहीत धरून वर्णन लिहितो, हे या दोषांचे समान मूळ आहे. टूल काय करते, काय करीत नाही, शेजारच्या टूलपासून कसे वेगळे आहे आणि त्याचा परिणाम परतवता येतो का, या चार प्रश्नांची उत्तरे देणारे वर्णन सदोष ठरण्याची शक्यता कमी. हे काम तंत्रज्ञाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचे आहे. महाविद्यालयांतील भाषा व संगणकशास्त्र विभागांनी व्यावहारिक लेखनाच्या अध्यापनात या गद्यप्रकाराचा एकत्रितपणे विचार करावयास हवा. कारण येथे शब्द चुकला, तर चुकीचे अन्न कुणाच्या तरी ताटात पडते.