एकट्या पुरुषाचे बिऱ्हाड

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आपल्या घरांत जे काही चालते, त्याला साफसफाई म्हणण्याचा प्रघात आहे. माळ्यावरचे सामान खाली येते, गॅलरीत त्याचे प्रदर्शन भरते, प्रत्येक वस्तूविषयी ‘हे आता टाकून देऊ या’ असे एकदा तरी बोलले जाते, आणि वसुबारस उजाडण्याच्या आत बहुतेक सर्व सामान धूळ झटकून पुन्हा माळ्यावर जाऊन बसते. यंदा अशाच एका सकाळी मी कपाटातली पुस्तके जमिनीवर मांडून बसलो होतो, तेवढ्यात माझा भाचा आला. त्याला नुकतीच नोकरी लागली आहे आणि डोंबिवलीला एक खोली व स्वयंपाकघर एवढी जागा त्याने भाड्याने घेतली आहे.

“मामा, चाळीस हजारांत जागा सजवायची आहे,” तो म्हणाला. “पण ती पुरुषाची वाटली पाहिजे. काहीतरी सुचव ना.”

मग त्याने मोबाइलवर चित्रे दाखवली. कोळशाच्या रंगाच्या भिंती, चामड्यासारखा दिसणारा कोच, आतली तार दिसणारे पिवळे दिवे, लोखंडी पायांचे टेबल, आणि एका भिंतीवर टांगलेली गिटार. “तू गिटार केव्हा शिकलास?” मी विचारले. तो म्हणाला, “शिकलो नाही, पण छान दिसते.”

योगायोग असा की त्या वेळी माझ्या हातात ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हे पुस्तक होते. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाच्या ‘वॉल्डन’चा दुर्गाबाई भागवतांनी केलेला हा अनुवाद. मी ते त्याच्या हाती ठेवले आणि म्हणालो, “एकट्या पुरुषाने थोड्या पैशांत जागा कशी लावावी, यावर याहून चांगले पुस्तक मला ठाऊक नाही. पहिले प्रकरण तेवढे वाच.”

हे मी थट्टेने म्हणालो नव्हतो. ‘वॉल्डन’कडे आपण निसर्गप्रेमाचे किंवा वैराग्याचे पुस्तक म्हणून पाहतो. तळे, पाखरे आणि एकान्त एवढेच आपल्या ध्यानात राहते. परंतु १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे पहिले आणि सर्वांत लांब प्रकरण तळ्याविषयी नाही, बिऱ्हाडाविषयी आहे. त्याचे मूळ नाव ‘इकॉनॉमी’. आज हा शब्द ऐकला की आपल्याला बँका आणि अंदाजपत्रके आठवतात. पण ज्या ग्रीक शब्दावरून तो आला त्याचा अर्थ घराची व्यवस्था एवढाच. थोरो हा अर्थ अक्षरशः घेतो. घर म्हणजे काय, त्याला किती लागते आणि किती लागत नाही, याचा तो दाखल्यानिशी हिशेब देतो.

हा हिशेब फार मनोरंजक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकॉर्ड नावाचे गाव आहे. तेथून दीड मैलावरील वॉल्डन तळ्याच्या काठी, मित्र इमर्सन याच्या जमिनीवर, थोरोने स्वतःच्या हातांनी एक खोली बांधली. १० फूट रुंद आणि १५ फूट लांब. दोन्ही बाजूंना एकेक मोठी खिडकी, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला विटांची शेगडी. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहायला गेला, तेव्हा त्याचे वय सत्तावीस होते. म्हणजे जवळजवळ माझ्या भाच्याएवढेच. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या बहुतेक एका मजुराची जुनी झोपडी विकत घेऊन काढलेल्या. खिडक्या दोन, जुन्या, काचांसकट २ डॉलर ४३ सेंट. जुन्या विटा एक हजार, ४ डॉलर. खिळे ३ डॉलर ९० सेंट. आणि खडू एक सेंट. मी शाळामास्तर असल्यामुळे त्या खडूपाशी मला विशेष आनंद होतो. ज्या हॉर्व्हर्ड कॉलेजात तो शिकला, तेथे एवढ्याच खोलीला वर्षाला ३० डॉलर भाडे पडे, याचीही आठवण तो करून देतो.

सामानाची यादी याहून मजेदार. पलंग, टेबल, लिहायचे मेज, तीन खुर्च्या, तीन इंच व्यासाचा आरसा, किटली, तवा, तीन ताटल्या, दोन सुऱ्या, दोन काटे, एक पेला, एक चमचा, तेलाचा बुधला, काकवीचा बुधला, एक दिवा. यादी जवळजवळ संपली. एका बाईंनी पायपुसणे देऊ केले, तर ते झटकायला वेळ नाही म्हणून त्याने नाकारले. मेजावर चुनखडीचे तीन दगड शोभेसाठी ठेवले होते; त्यांची रोज धूळ पुसावी लागते हे लक्षात येताच त्याने ते खिडकीबाहेर भिरकावले. पडदे लावले नाहीत. कारण आत डोकावणारे सूर्य आणि चंद्र, आणि त्यांना त्याची हरकत नव्हती. मोठे घर असले तर आत पाहुण्यांना बसवायला दिवाणखाना लागतो. याचा दिवाणखाना म्हणजे घरामागचे पाइन वृक्षांचे वन.

आता येथे टीकाकाराने विचारायला हवे: हे सारे वैराग्य आहे काय? मला तसे वाटत नाही. वैराग्याला यादी करण्यात एवढा रस नसतो. ज्या माणसाला वस्तू आवडत नाहीत तो एका चमच्याचे इतके प्रेमाने वर्णन करीत नाही. जमीन धुवायची म्हणजे तो सकाळी सगळे सामान बाहेर गवतावर आणून ठेवी, पाणी आणि पांढरी वाळू टाकून फळ्या घाशी, आणि गावकऱ्यांची न्याहारी होईपर्यंत घर कोरडे होई. उन्हात मांडलेले ते टेबल आणि ती पुस्तके त्याला आतल्यापेक्षा बाहेर अधिक शोभिवंत वाटत. त्यांना परत आत न्यावे असेही त्याला वाटेना. हा परिच्छेद वाचताना आपली दिवाळीची सफाई आठवते. फरक इतकाच की त्याचे सामान एका फेरीत बाहेर येई. आपल्या माळ्याचे वर्णनही या पुस्तकात आहे. एका धर्मनिष्ठ गृहस्थाच्या मृत्यूनंतर त्याच्या माळ्यावरचा अर्धशतकाचा अडगळीचा साठा लिलावात निघतो. शेजारी मोठ्या हौसेने तो विकत घेतात आणि आपापल्या माळ्यावर नेऊन ठेवतात. होळी करायची ती राहते, आणि अडगळ घर बदलते.

थोरोच्या खोलीला सौंदर्य आहे ते तिच्या प्रत्येक वस्तूला काम आहे म्हणून. आणि सर्व कामांत एक काम मुख्य होते. त्याचा भाऊ जॉन १८४२ साली अकाली वारला होता. दोघांनी पूर्वी केलेल्या नदीप्रवासावर त्याला एक पुस्तक लिहायचे होते. ते त्याने या खोलीत लिहिले. म्हणजे पलंग, शेगडी, खिडक्या हे सारे त्या मेजाभोवती उभे केलेले आहे. ते मेज आजही काँकॉर्डच्या संग्रहालयात पाहायला मिळते. खोली मात्र पुढे इकडून तिकडे हलवली गेली आणि अखेर मोडली गेली. भाच्याला मी सांगणार होतो ते हेच. खोली पुरुषाची किंवा बाईची भिंतीच्या रंगामुळे होत नाही. तिथे बसून तू काय करणार आहेस ते आधी ठरव; मग टेबल कोठे ठेवायचे ते आपोआप ठरेल. न वाजणारी गिटार आणि मेजावरचे ते तीन दगड यांची जात एकच.

चार दिवसांनी भाचा पुस्तक परत घेऊन आला. त्याने पहिले प्रकरण खरोखरच वाचले होते. मी माझे व्याख्यान सुरू करणार, तोच तो म्हणाला, “मामा, सगळं पटलं. पण याचे कपडे कोण धूत होतं?”

या प्रश्नावर मी गप्प बसलो. हे पुस्तक मी तीन वेळा वाचले आहे, शाळेत त्यावर दोनदा बोललो आहे; हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो गेल्यावर मी पुन्हा पाने चाळली, आणि उत्तर सापडले. ते लपवलेले नाही, हिशेबातच आहे. पहिल्या काही महिन्यांचा घर, शेत, अन्न, कपडे असा सारा खर्च मांडून थोरो ६१ डॉलर ९९¾ सेंट ही बेरीज देतो, आणि तेथेच नमूद करतो की धुलाई आणि कपड्यांची दुरुस्ती यांत धरलेली नाही; ती बहुतेक बाहेर झाली, आणि त्यांचे बिल अजून यायचे आहे.

बाहेर म्हणजे कोठे, ते तो सांगत नाही. मात्र दीड मैलावर त्याचे घर होते. त्या घरात आई होती, बहिणी होत्या, आणि आई पैसे घेऊन बिऱ्हाडकरूही ठेवीत असे. वाचकाने तर्क करावा.

या एका ओळीवरून थोरोला ढोंगी ठरवणारे पुष्कळ आहेत. आईच्या हातचे जेवायला जात असे, मग कसला एकान्त, असे ते म्हणतात. हा आरोप मला उथळ वाटतो. बाहेर जेवायला जात होतो, हे त्याने स्वतःच लिहिले आहे. कुऱ्हाड उसनी आणली, सांगाडा उभा करताना मित्रांचे हात लागले, हेही लिहिले आहे. आणि ज्याने एक सेंटाचा खडू नोंदवला, तो धुलाई विसरला असे म्हणता येत नाही. त्याने ती रकाना मांडून कोरी ठेवली. माझ्या मते त्या पुस्तकाचा सर्वांत प्रामाणिक भाग तो कोरा रकाना आहे. पण टीकाकाराने पुढे एवढेही म्हटले पाहिजे की त्या रकान्याकडे पुन्हा वळून तो पाहत नाही. पुढे सतरा प्रकरणे आहेत. त्यांत मुंग्यांच्या लढाईला जागा आहे, बर्फाला आहे, तळ्याच्या खोलीला आहे. ते बिल मात्र शेवटपर्यंत येत नाही. पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठावर त्या घराचे चित्र छापले आहे, ते त्याची बहीण सोफिया हिने काढलेले. झाडांत उभी असलेली ती टुमदार खोली आज जगभर एकट्या पुरुषाच्या स्वावलंबनाचे प्रतीक झाली आहे, आणि तिचे चित्र बहिणीच्या हातचे आहे. १८६२ साली तो वारल्यावर त्याचे अप्रकाशित लेखन छापून आणण्यासाठी झटली तीही सोफियाच.

हे मी इतक्या विस्ताराने लिहितो याला कारण आहे. विशीत मला पहिली मास्तरकी लागली तेव्हा मीही एका खोलीत एकटा राहत होतो. एक चटई, एक ट्रंक, एक कंदील, खिडकीपाशी एक टेबल. माझ्या पहिल्या कादंबरीची निम्मी पाने त्या टेबलावर लिहिली. पाहायला येणारे म्हणत, “वा, काय साधी राहणी!” आणि मला ते आवडे. दर शनिवारी मळक्या कपड्यांची थैली घेऊन मी एस. टी.ने घरी जाई, आणि रविवारी संध्याकाळी घडी घातलेले कपडे घेऊन परते. ती थैली माझ्या साध्या राहणीच्या वर्णनात मी कधी घातली नाही. कपडे धूत होती माझी धाकटी बहीण. तिची बारावीची परीक्षा होती त्या वर्षीदेखील. आज मला ‘याचे कपडे कोण धूत होतं’ असे विचारणारा मुलगा तिचाच आहे. त्याला ती हकीकत ठाऊक आहे की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

‘वॉल्डन’ मोठे पुस्तक आहे, आणि ते वाचून माझे प्रेम कमी झालेले नाही. चांगले पुस्तक आपला हिशेब आपल्यासमोर ठेवते. त्यात जे राहिले ते भरणे वाचकाचे काम. भाच्याने आपली यादी नव्याने केली आहे. कोच गेला, गिटार गेली, भिंती आहेत तशाच पांढऱ्या राहणार. एक चांगले टेबल, एक पाठ असलेली खुर्ची, वाचायला दिवा. आणि यादीच्या अगदी वरती एक बालदी, साबण आणि कपडे वाळत घालायची दोरी. खर्च दहा हजारांच्या आतला आहे. अशी सजावट कोणत्याही चित्रात मी पाहिलेली नाही, पण खोली पुरुषाची आहे याविषयी मला शंका नाही.

माझे बिल मात्र शिल्लकच आहे. भाऊबीजेला मी बहिणीकडे जाणार आहे. ताटात दरवर्षी काही घालतोच. पण ते ओवाळणीचे, धुलाईचे नव्हे. यंदा निदान तो रकाना तिच्यासमोर बोलून दाखवावा, असे मनात आहे.