शरदात नाही, शिशिरात: पानांच्या रंगाच्या नकाशांबद्दल

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पानांचा रंग कधी, कुठे पालटतो, असा विषय पीएचडीसाठी डोक्यात असेल तर आधी शब्द तपासा. 'ऑटम'ला आपण सर्रास 'शरद' म्हणतो. पण शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि तेव्हा ताडोबा हिरवंगार असतं. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली.

हा नुसता भाषांतराचा घोळ नाही, तो पद्धतीत उतरतो. थंड प्रदेशात दिवस लहान होतो, गारठा वाढतो आणि पानं रंगतात. म्हणून तिथे अमुक भागात अमुक आठवडा असा नकाशा काढता येतो. आपल्याकडे बराचसा कारभार जमिनीतल्या ओलीच्या हातात. खडकाळ टेकाडावरचा साग लवकर उघडा पडतो, नाल्याकाठचा त्याच जातीचा साग मागाहून. मग जिल्ह्याला एकच तारीख द्यायची कशी?

उपग्रहाने हे सुटेल असं वाटतं. मोडिसचा २५० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे सव्वासहा हेक्टर. त्यात साग, ऐन, धावडा, बांबू सगळं एकत्र, आणि हाती येतो सोळा दिवसांचा एक आकडा! सेंटिनेल-२ चा १० मीटरचा पिक्सेल बरा, पण त्यालाही कारण कळत नाही. पावसाळ्याच्या शेवटी सागावर एक अळी पडते. ती शिरा ठेवून मधला हिरवा भाग खाते, पानाची जाळी होते आणि अख्खं सागवन तपकिरी दिसतं. एनडीव्हीआयचा आलेख घसरला की परदेशी साच्यात वाढलेला अभ्यासक खूश: सापडला ऑटम! उन्हाळ्यात तीच गत. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आग पसरते आणि निर्देशांक पुन्हा खाली येतो. पानगळीशी याचा संबंध नाही.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. हे नकाशे रंग म्हणजे पानाचं म्हातारपण असं गृहीत धरतात. धावड्यापुरतं ते खरं, तो गळण्याआधी तांबूस होतो. पण इथला सगळ्यात भडक लाल रंग कुसुमाचा, आणि तो कोवळ्या पालवीचा. मोहाची नवी पानंही तांबूसच. सागाचं कोवळं पान चोळा, बोटं लाल होतात. म्हणजे हिरवेपणा उतरण्याचा काळ मोजला, तर लाल रंग मोजणीबाहेरच राहतो. पळसाचा केशरी तर पानांचा नव्हेच, फुलांचा!

त्यामुळे प्रस्तावात 'रंगबदल' असा एकच स्तंभ ठेवू नका. पिकणं, गळणं, पालवी, फूल आणि कीड वेगळी नोंदवा. झाडांना क्रमांक द्या, दर पंधरा दिवसांनी तीच झाडं बघा. टेकाडावरची आणि नाल्याकाठची, दोन्ही घ्या.

आणि नुसतं बघायलाच यायचं असेल, तर फेब्रुवारीत मोहर्लीकडे धावडा बघा, कुसुमासाठी मार्च संपता संपता भामरागडच्या बाजूला या. दिवाळीच्या सुट्टीत आलात तर हिरवं जंगल बघून परत जाल.