आगगाडीचा करार आणि त्यांतील कर्ता

कै. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी (१८५१–१९११) यांचा खुला व्यापार व आगगाडीचा विस्तार यांच्या आर्थिक परिणामांवरील इंग्रजी निबंध १८८४ सालीं पुणें सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. निबंधकार व्यवसायानें शिक्षक. सोलापुरच्या हायस्कुलाचे ते कांहीं काळ हेडमास्तर होते. आगगाडीचा लाभ मैल व उतारू मोजून ठरवूं नये, देशी धंदे वाढले कीं खुंटले यावरून ठरवावा, हा त्यांचा सिद्धांत आम्हांस ग्राह्य वाटतो. परंतु त्यांची दृष्टि परिणामांवर आहे. ज्या करारापासून हे परिणाम निघाले तो कोणीं व कोणाच्या वतीनें ठरविला, हा प्रश्न इतिहाससंशोधकाचा होय.

आपल्याकडे 'आगगाडी आली' असें लिहिण्याची वहिवाट आहे. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष. पण आगगाडीच कर्ता झाल्यामुळें ती आणणारा मनुष्य दिसेनासा होतो. शिवकालीन तहांविषयीं आपण असें लिहीत नाहीं. १६७४ सालीं हेन्री ऑक्झेंडन रायगडास आला, तेव्हां निराजीपंतांशीं झालेलीं बोलणीं त्याच्या टिपणांत आहेत. इंग्रजांचें नाणें महाराजांच्या मुलुखांत चालावें, या कलमाची गरजच नाहीं, असें उत्तर मिळालें. फुटलेल्या गलबतांचा माल परत मिळावा, या कलमास कोंकणची वहिवाट आड आली. शिवाय फ्रेंच व वलंदेज हेहि तोच हक्क मागतील, असा आक्षेप निघाला. टिपण परपक्षाचें; तरी पूर्वपक्ष व उत्तरपक्ष दोन्ही त्यांत आहेत.

आतां याच कसोटीनें ईस्ट इंडिया कंपनी व ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी यांचा १७ ऑगस्ट १८४९ चा करार पाहावा. भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी, ९९ वर्षें मोफत जमीन, आणि हिशेबास रुपयाचा भाव २२ पेन्स. व्याज द्यावयाचें पौंडांत, उत्पन्न रुपयांत. पुढें रुपया उतरत गेला, पण करारांतील २२ पेन्स हलले नाहींत; तूट हिंदुस्थानच्या तिजोरीनें सोसली. १६७४ सालीं नाण्याच्या कलमावर हरकत घेण्यास निराजीपंत होते. १८४९ सालीं दोन्ही बाजूंस लंडनचेच गृहस्थ बसले. ज्यांच्या वसुलांतून हमी भरावयाची, त्यांचा वकील बैठकींत नव्हता.

कोळसा व यंत्रसामग्री यांविषयीं न्याय तारतम्यानें केला पाहिजे. राणीगंजास कोळसा त्यापूर्वींच निघत होता. पण तेथून मुंबईपर्यंत लोहमार्ग १८७० सालीं जुळला, व वरोऱ्याची खाण १८७१ सालीं सुरू झाली. म्हणून आरंभीं विलायती कोळसा जाळला, याचा दोष देतां येत नाहीं. इंजिनांची गोष्ट निराळी. १८५३ सालचीं इंजिनें लँकेशायरांतील व्हल्कन फौंड्रीचीं. तेव्हां दुसरा उपाय नव्हता. परंतु देशांत घडलेलें पहिलें इंजिन अजमेरास १८९५ सालीं बाहेर पडलें, म्हणजे करारानंतर ४६ वर्षांनीं! व्याज खर्चलेल्या भांडवलावर मिळणार असल्यामुळें काटकसरीची निकड कंपनीस नव्हती. येथें धंदा उभारण्याची तर नव्हतीच. जोश्यांनीं दाखविलेल्या परिणामांचें बीज आम्हांस या कलमांत दिसतें.

जेऊरवरून जाणारा दिकसाळ ते बार्शी रोड हा टप्पा १८५९ सालीं सुरू झाला. सरकारनें कंपनीचा मार्ग १९०० सालीं विकत घेतला व कारभार १९२५ सालीं हातीं घेतला. करार संपला, लंडनची बाजू छापील ग्रंथांत सुरक्षित आहे. येथील बाजू मात्र जमीन सोडल्याच्या कागदांत, गाड्या व लांकूड पुरविणाऱ्या मक्तेदारांच्या मोडी हिशेबांत, कुळकर्ण्यांच्या व सावकारांच्या दप्तरांत शोधावी लागेल. आपले संग्राहक शिक्कामोर्तबाचा कागद जिवापाड जपतात, आणि १८१८ नंतरचा कागद अलीकडचा म्हणून रद्दींत जाऊं देतात. १८४९ सालास पावणेदोनशें वर्षें होऊन गेलीं. हे रुमाल वाण्याच्या पुड्यांस लागण्यापूर्वीं सोडून पाहिले नाहींत, तर या करारांतील दुसरा पक्ष कायमचा मुका राहील.

जेऊर, जि. सोलापूर.